दोन टक्के कोणाचे?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या वैशाखात माझ्या मोठ्या बहिणीचे लग्न झाले. आंदणात फ्रीज द्यावयाचा असे घरी ठरले होते. (आंदण द्यावे की देऊ नये, हा एका वेगळ्या निबंधाचा विषय आहे आणि त्यावर माझे घरी भांडणही झालेले आहे. असो.) दादा सावंगीला दवाखान्यात रात्रपाळी करतो. त्याचा पगार बँकेत जमा होतो आणि त्या खात्याचे एक रुपे डेबिट कार्ड त्याच्याजवळ आहे. आम्ही दोघे आणि आई असे तिघे फ्रीज घ्यायला गेलो. घासाघीस होऊन भाव बत्तीस हजार पाचशे ठरला. दादाने कार्ड काढले. दुकानदाराने कार्डाकडे पाहिले आणि शांतपणे म्हटले, "कार्डावर दोन टक्के वरून लागतीन भाऊ. बँक कापते."

दोन टक्के म्हणजे साडेसहाशे रुपये. आई दोन दिवस निंदायला जाते तेव्हाही तेवढे हाती येत नाहीत. आईने विचारले, "कायचे दोन टक्के? फ्रीज तं एकच घेतला ना?" दुकानात उभे असलेले लोक हसले. दादाने मान खाली घालून कार्ड पुढे केले. चार लोकांत पैशांवरून बोलणे नको, असा त्याचा स्वभाव आहे. मीही गप्प राहिले. वास्तविक मी अर्थशास्त्र घेतलेले आहे, परंतु ही कपात नियमाला धरून आहे की नाही हे मला तेथे सांगता आले नाही. त्या गप्प राहण्याची लाज वाटली, म्हणून पुढे सरांना विचारून, ग्रंथालयात बसून जे समजले ते येथे लिहीत आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता असे कार्ड आहे, आणि ते कसे चालते हे घरातल्या कोणालाही नीटसे ठाऊक नाही, असे माझ्या पाहण्यात आले आहे.

प्रथम हा पैसा जातो कोठे ते पाहू. आपण यंत्रात कार्ड घातले की व्यवहारात चार पक्ष येतात. एक, ज्या बँकेने आपल्याला कार्ड दिले ती बँक. दुसरी, ज्या बँकेने दुकानदाराला यंत्र दिले ती बँक. या दोन बँका बहुधा निरनिराळ्या असतात. त्या दोघींना जोडणारे जाळे हा तिसरा पक्ष. व्हिसा आणि मास्टरकार्ड या परदेशी कंपन्यांची अशी जाळी आहेत, आणि २०१२ साली सुरू झालेले रुपे हे आपल्या देशातले. चौथा पक्ष स्वतः दुकानदार. शंभर रुपयांची विक्री झाली तर दुकानदाराच्या खात्यात पूर्ण शंभर येत नाहीत. त्यातून काही भाग कापला जातो आणि तो दोन्ही बँका व जाळे यांत वाटला जातो. या कपातीला मर्चंट डिस्काउंट रेट, थोडक्यात एमडीआर म्हणतात. यातला मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. शिवाय या कपातीवर अठरा टक्के जीएसटी लागतो. दोन हजारांपर्यंतच्या व्यवहाराला मात्र त्यातून सूट आहे.

ही पद्धत नवी नाही. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब निघाला, तेव्हा तो उपाहारगृहांकडून शेकडा सात रुपये, म्हणजे तिकडचे सात डॉलर, घेत असे. गिऱ्हाईक उधारीवर जेवणार, क्लब पैसे देणार आणि त्याबद्दल हॉटेलवाल्याने कमिशन सोडायचे, असा तो सौदा होता. हॉटेलवाला ते का सोडत असे? कारण खिशात पैसे नसलेले गिऱ्हाईकही त्यामुळे आत येई. म्हणजे मुळात हा दुकानदाराच्या धंद्याचा खर्च आहे. दुकानाचे भाडे, विजेचे बिल, नोकराचा पगार यांतलाच तो एक. दुकानदार काही बिलावर "पंख्याचे दोन रुपये" लावीत नाही. मग कार्डाचेच वेगळे का लावतो?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की काही धंद्यांत नफाच इतका थोडा असतो की दोन टक्के फार मोठे होतात. नोटाबंदीनंतर, जानेवारी २०१७ मध्ये पेट्रोल पंपांचा वाद झाला तो यामुळेच. बँकांनी कार्डाच्या व्यवहारावर एक टक्क्यापर्यंत आकार घेण्याचे ठरविले. पंपमालकांचे कमिशन लिटरमागे ठरलेले, त्यांना भाव वाढविता येत नाही. तेव्हा ९ जानेवारीपासून आम्ही कार्ड घेणारच नाही असे त्यांच्या संघटनेने जाहीर केले. सरकारची धावपळ झाली, निर्णय १३ जानेवारीपर्यंत पुढे ढकलला गेला, आणि हा भार ना गिऱ्हाइकावर पडेल ना पंपावर, असे सरकारने सांगितले. तो अखेरीस बँका व तेल कंपन्यांनी आपसांत मिटवायचा होता. देशभर लोकांना नोटा सोडून कार्ड वापरा असे सांगितले जात असतानाच हे घडले, म्हणून त्याची एवढी चर्चा झाली. एरवी लहान दुकानात रोज कापल्या जाणाऱ्या दोन टक्क्यांची बातमी होत नाही.

आता नियमाकडे वळू. आपल्याकडे क्रेडिट आणि डेबिट ही दोन कार्डे दिसायला सारखी असली तरी नियमाच्या दृष्टीने फार वेगळी आहेत, आणि माझ्या मते सगळा घोळ येथेच आहे. डेबिट कार्डात आपलेच पैसे आपल्याच खात्यातून जातात. क्रेडिट कार्डात बँक आपल्याला महिनाभराची उधारी देते. साहजिकच दुसऱ्याचा खर्च जास्त. रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डाच्या कपातीवर २०१२ साली मर्यादा घातली. दोन हजारांपर्यंत पाऊण टक्का आणि त्याहून जास्त रकमेस एक टक्का, याहून अधिक बँकेने दुकानदाराकडून घ्यावयाचे नाही. पुढे सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एक परिपत्रक पाठविले. काही दुकानदार डेबिट कार्डाने पैसे देणाऱ्यांकडून वेगळा आकार घेतात, हा आकार समर्थनीय नाही, बँक व दुकानदार यांच्यातील कराराला तो धरून नाही, आणि असे करणाऱ्या दुकानदाराशी बँकेने संबंध तोडले पाहिजेत, असा त्याचा आशय होता. म्हणजे आम्हाला जे ऐकवले गेले ते त्याच्याही पुष्कळ आधीपासून चुकीचे होते.

डिसेंबर २०१७ मध्ये हे दर पुन्हा बदलले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान दुकानदाराला कमाल ०.४० टक्के, मोठ्याला कमाल ०.९० टक्के. त्यातही एका व्यवहाराला लहान दुकानदाराकडून दोनशे व मोठ्याकडून हजार रुपयांच्या वर घ्यावयाचे नाहीत. आणि हा भार दुकानदार गिऱ्हाइकावर ढकलणार नाही हे पाहण्याची जबाबदारी यंत्र देणाऱ्या बँकेवर टाकली. आमच्या फ्रीजचा हिशेब या दराने करून पाहिला. मोठा दुकानदार धरला तरी कपात दोनशे साडेब्याण्णव रुपयांची होते. आमच्याकडून घेतले साडेसहाशे.

परंतु आमच्या बाबतीत तर तेवढेही कापले जावयाचे नव्हते. २०१९ च्या अर्थसंकल्पाच्या वेळी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात १०-अ हे नवे कलम घालण्यात आले, आणि १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील कपात शून्य झाली. बँकेने दुकानदाराकडूनही घ्यावयाचे नाही आणि गिऱ्हाइकाकडूनही नाही. तरीही काही बँका यूपीआयवर पैसे घेत होत्या, म्हणून ३० ऑगस्ट २०२० रोजी प्रत्यक्ष कर मंडळाला परिपत्रक काढून, घेतलेले पैसे परत करा, असे सांगावे लागले. जे बँकांना सांगावे लागते ते दुकानदाराला आपोआप कसे कळणार?

अर्थात शून्य म्हणजे खर्च नाही असे नव्हे. यंत्रे, संगणक, माणसे यांचा खर्च कोठे तरी पडतोच. यूपीआयच्या छोट्या व्यवहारांसाठी २०२४-२५ या वर्षाकरिता केंद्र सरकारने अंदाजे पंधराशे कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे तो भार काही अंशी सरकारी तिजोरीतून जातो. फुकट काही नसते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला सर सांगतात. ते मला येथे पटले.

राहता राहिले क्रेडिट कार्ड. त्याच्या कपातीवर रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा ठेवलेली नाही. तो दर बँक व दुकानदार यांच्यात ठरतो. दोन टक्के ही तेथे सर्वसाधारणपणे ऐकू येणारी संख्या आहे. गिऱ्हाइकावर हा भार टाकण्याबाबत जे बंधन आहे ते मुख्यतः बँकेच्या करारात व कार्ड कंपन्यांच्या नियमांत. आणि हा करार गिऱ्हाइकाने कधी पाहिलेला नसतो. ज्या नियमाने माझे रक्षण व्हावयाचे तो नियम माझ्या माघारी दोन तिऱ्हाइतांनी सही केलेल्या कागदात आहे, ही मला या सर्व प्रकरणातली सर्वांत विचित्र गोष्ट वाटते. शिवाय दुकानदाराच्या तोंडी "कार्ड" हा एकच शब्द आहे. क्रेडिटला जो खर्च त्याला खरोखर येतो तोच तो डेबिटलाही लावतो आणि रुपेलाही. क्रेडिट कार्ड वापरणारा बहुधा शिकलेला, पगारदार असतो, तो हुज्जत घालतो किंवा दुसऱ्या दुकानात जातो. गप्प बसून साडेसहाशे देणारा माझ्या दादासारखा असतो.

येथे बाबांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोटाबंदीच्या हिवाळ्यात मी प्राथमिक शाळेत होते. बाबा कापूस विकून आले ते रागातच. व्यापारी म्हणाला होता, "चेकनं घेशील तं महिन्याभरानं, नगदी घेशील तं शेकडा दीड कटन." आमच्या भागात याला कटती म्हणतात आणि ती कोणाला नवी नाही. तेव्हा नगदी पैशाला कटती होती, कारण नगदी दुर्मिळ होती. आज फ्रीजच्या दुकानात नगदी न देण्याला कटती आहे. विकताना नगदीची कटती आमच्याकडून, आणि घेताना कार्डाची कटतीही आमच्याकडूनच! परवा बाबांना कार्डाचा प्रकार समजावून सांगितला तेव्हा ते फक्त एवढेच म्हणाले, "पट्टीवर लिहून देल्लं का त्यानं?" बाजारात माल विकणारा माणूस हिशेबपट्टी पाहिल्याशिवाय बोलत नाही.

या एका प्रश्नाने माझे डोळे उघडले. मी दुकानाचे बिल आणि यंत्रातून निघालेली चिठ्ठी शेजारी ठेवली. बिलावर ३२,५०० रुपये. चिठ्ठीवर ३३,१५० रुपये. मधले साडेसहाशे कोणत्याही कागदावर कशाबद्दल म्हणून लिहिलेले नव्हते. आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आला तर हे दोन कागद जपून ठेवावेत. तक्रार करावयाची ती यंत्र ज्या बँकेचे आहे तिच्याकडे. तिचे नाव बहुधा चिठ्ठीवर सर्वांत वर छापलेले असते. दादाने आधी आपल्याच बँकेत विचारले, आणि "यंत्र आमचे नाही" असे ऐकून परत आला. यंत्राच्या बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. दुकानदाराविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर बोलता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोग तर वर्ध्यातच आहे.

इतर देशांनी काय केले तेही थोडे पाहिले. सर्वांनी एकच मार्ग घेतला असे नाही. ऑस्ट्रेलियात २००३ पासून दुकानदाराला वेगळा आकार घेण्याची मुभा मिळाली. तिचा गैरफायदा घेतला जाऊ लागला तेव्हा २०१६ मध्ये मोठ्या व २०१७ मध्ये सर्व दुकानदारांवर बंधन आले की प्रत्यक्ष जेवढा खर्च येतो तेवढाच घ्यावा. इंग्लंडने आधी २०१३ मध्ये असेच केले, आणि १३ जानेवारी २०१८ पासून सामान्य ग्राहकाच्या कार्डावरील जादा आकार पूर्णपणे बंद केला. युरोपीय संघाने त्याआधीच, २०१५ साली, मुळावर घाव घातला होता. दुकानदाराच्या बँकेकडून कार्ड देणाऱ्या बँकेला जाणारा हिस्साच डेबिटला ०.२ व क्रेडिटला ०.३ टक्क्यांवर आणला. मूळ खर्च एवढा उतरला की जादा आकार घेण्याचे दुकानदाराचे निमित्तच बरेचसे संपते.

अमेरिकेतला प्रकार मात्र गमतीचा आहे. तेथे न्यूयॉर्क राज्यात कार्डाला जास्त पैसे घेणे गुन्हा होता, पण रोखीला सूट देणे चालत असे. आता शंभराची वस्तू कार्डाला एकशे दोन सांगितली काय, किंवा एकशे दोनची वस्तू रोखीला शंभर सांगितली काय, खिशातून जाणारे पैसे तेच! एका केशकर्तनालयाने यावर दावा लावला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने म्हटले की हा कायदा किंमत ठरवीत नाही, दुकानदाराने किंमत कोणत्या शब्दांत सांगावी ते ठरवितो, तेव्हा त्याचा विचार भाषणस्वातंत्र्याच्या कसोटीवर झाला पाहिजे. हजामतीच्या बिलावरून भाषणस्वातंत्र्य! परंतु त्यात तथ्य आहे. आपल्याकडे महावितरण वीजबिल ऑनलाइन भरणाऱ्याला थोडी सूट देते, त्याबद्दल कोणी रागावत नाही. तोच फरक "रोखीने भरणाऱ्यास दंड" म्हणून लिहिला असता तर मोर्चा निघाला असता.

आता माझे स्वतःचे मत. पहिल्याने वाटले होते की जादा आकार सरसकट बंद करावा, विषय संपला. नंतर आईचा विचार मनात आला. आई किराणा आणते तो नगदी. तिच्याजवळ कार्ड नाही आणि फोन साधा आहे. क्रेडिट कार्डाची कपात वेगळी घ्यावयाची नाही असे ठरले, तर दुकानदार ती सर्वांच्या भावात मिसळणार. म्हणजे तेलाच्या पिशवीमागे आईही थोडे देणार, आणि त्या पैशातून दुसऱ्या कोणाला तरी कार्डावर बक्षिसाचे गुण आणि विमानतळावर बसायला मऊ खुर्ची मिळणार. हे तरी न्यायाचे कसे? आमच्या सरांचे म्हणणे असे की एवढा बारीक हिशेब करत बसलो तर कोणताच भाव न्यायाचा ठरणार नाही. असेलही. परंतु जे कमी देऊ शकतात तेच दोन्ही बाजूंनी देतात, हे डोळ्यांआड कसे करावे? तेव्हा मला युरोपची वाट बरी वाटते. क्रेडिट कार्डाच्या कपातीलाच वरून टोपण घालावे. आणि डेबिट, रुपे व यूपीआय यांबाबतचा नियम दुकानाच्या दर्शनी भागी, मराठीत, मोठ्या अक्षरांत लावण्याची सक्ती यंत्र देणाऱ्या बँकेवर करावी. यंत्रासोबत रोख मोजायचा तक्ता, दिनदर्शिका, असे काय काय त्या देतात. त्यात एक पाटी जड नाही.

लग्न आटोपल्यावर पंधरा दिवसांनी मी आणि दादा ते दोन कागद व परिपत्रकाची प्रत घेऊन पुन्हा त्या दुकानात गेलो. दादा येत नव्हता, ओढून नेला. दुकानदार आधी चिडले. "आमी काय घरून भरू का? बँक आमच्यापासून कापते!" असे म्हणून त्यांनी खणातून बँकेचा महिन्याचा तक्ता काढून आमच्यासमोर टाकला. तक्ता इंग्रजीत होता. मी तो ओळीने वाचला. क्रेडिटपुढे दोन टक्क्यांच्या आसपास कपात होती, वर जीएसटी. इतर डेबिट कार्डांपुढे एक टक्क्याहून कमी. रुपे डेबिटच्या ओळीत शून्य. मी तेथे बोट ठेवले. ते चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले. हा कागद दर महिन्याला येतो, तो आम्ही फाइलला लावतो, वाचत कोणी नाही, असे ते म्हणाले. ते खोटे बोलत होते असे मला वाटले नाही.

साडेसहाशे रुपये त्यांनी गल्ल्यातून काढून दादाच्या हातावर ठेवले. मग मला म्हणाले, "बेटा, तू शिकलेली आहेस, मराठीत लिहून दे मले." मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिले: "रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवर जादा आकार घेतला जाणार नाही." खाली इतर डेबिट कार्डांचेही लिहिले. तिसरी ओळ सुरू करणार तोच त्यांनी पुठ्ठ्यावर हात ठेवला.

"क्रेडिटचं आता राहू दे," ते म्हणाले.